काकूंनी आणलेली ओटी
हळद शिजल्याचा वास आला की वसमतच्या जुन्या कॉलनीतलं बैठं घर ताब्यात घेतलं तो दिवस आठवतो. घर विकणाऱ्या काकूंचा नवरा दोनच महिन्यांपूर्वी वारला होता. खण-नारळ घेऊन त्या दारात उभ्या होत्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "ये माय, रिकाम्या पदरानं काहून आत जातीस?" बायकोनं पदर पसरला, पण विधवेच्या हातची ओटी मला अशुभ वाटली. "काकू, तुमी नका भरू," मी म्हणालो. त्यांचा हात तिथंच थांबला. "व्हय, बराबर हाय, लेकरा. माझ्या ध्यानातच न्हाई राहिलं," म्हणत त्यांनी नारळ पिशवीत ठेवला, किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या गेल्या. इतकी वर्षं झाली, बायको अजून त्याला काकूंचंच घर म्हणते.