तांबडी गाय दारात आली तेव्हा

चमत्काराच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला भाबडा म्हणाल... तसा मी नव्हतो. कोल्हापुरात एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होतो. जे कागदावर मापात काढता येत नाही ते नसतंच, असा माझा खाक्या.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. शिवाजी पेठेत दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत माझी बायको सुलभा तापाने फणफणली. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि बाळाला तिच्याजवळ न्यायची मनाई झाली. दोन्हीकडे वडीलधारं कुणी उरलेलं नव्हतं. मी रजा टाकली आणि विचारेल त्याला सांगितलं — "मी बघतो की सगळं!"

कसलं बघतोय... पोरगी डब्यातल्या पावडरचं दूध ओकायची. म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, तेही पोटात टिकेना. डॉक्टर म्हणाले, "गाईचं ताजं मिळतंय का बघा." आता कोल्हापूर म्हणजे म्हशींचं गाव! सायकल मारत पार कळंब्यापर्यंत गोठे पालथे घातले. कुणाची गाय आटलेली, कुणाचं दूध आधीच ठरलेलं. रिकाम्या हाताने परत आलो, तर शेजारच्या आक्कांच्या मांडीवर पोरगी नुसती कण्हत होती. रडायचंही बळ नव्हतं तिच्यात.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. समोर सुलभाचा छोटा देव्हारा. त्याच्याकडे बघून आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो — "माझ्याच्यानं होत नाही. आता तूच बघ."

सकाळी आक्कांची हाक आली. "भावजी, भाईर या आदी! दारात पावणी आलीया!"

पायरीपाशी एक तांबडी गाय उभी. कास तटतटलेली. आक्का शेतकऱ्याघरची लेक. त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि तांब्या मागितला. गाय जागची हलली नाही. ते दूध उकळून, पाणी घालून चमच्याने पाजलं... आणि पोटात राहिलं! पोरगी शांत झोपली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच गाय. दुसऱ्याचं दूध किती दिवस घ्यायचं? धार काढून झाल्यावर मी तिच्या मागोमाग गेलो. तालमीच्या मागे एका गोठ्यात ती शिरली. मालक दत्तोबांना सगळं सांगितलं, तर ते हसायलाच लागले.

"कुठलं दूध, पावणं? ही भाकड हाय की! लई दिस झालं, थेंब न्हाय दिला. उगं फिरून येऊ दे म्हणून सोडतोय."

"मग उद्या माझ्या दारात येऊन बघा."

आले. स्वतः खाली बसून धार काढली. हातावरचं दूध जिभेला लावून पाहिलं. संध्याकाळी त्यांनी गोठ्यात तिची कास चाचपून पाहिली — कोरडी. पुन्हा आमच्याकडे येऊन म्हणाले, "माझ्या गोठ्यात देत न्हाय. तुमच्या लेकराचं हाय ते. घ्या, इचारत बसू नका."

मधेच आक्कांना माहेरी जावं लागलं आणि तांब्या माझ्या हातात आला. धार काही निघेना. गाय पाय आपटू लागली. पिशवी घेऊन निघालेल्या आक्का दारातून ओरडल्या, "सड वडू नका! डोकं टेका तिच्या पोटाला. मान ताठ ठेवून हुतंय व्हय!"

टेकलं. तिचं उबदार पोट माझ्या कपाळाखाली हळूहळू वरखाली होत होतं. तांब्यात पहिली धार वाजली आणि मला हुंदका आवरेना...

सुलभा बरी होऊन घरी आली, पोरीला अंगावर पाजू लागली. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाय आली नाही. मी गूळपोळी घेऊन दत्तोबांकडे गेलो. ती निवांत रवंथ करत होती. कास पूर्ण आटलेली.

ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "भाकड गाईला दूध येणं, एखाद्या वेळी होऊ शकतं. पण तुमच्याच दारात? आणि गरज संपली की बंद? ते मला विचारू नका."

आज ती पोरगी स्वतः आई आहे. गूळपोळी नेली त्या दिवशी, ती गाईला भरवून झाल्यावर मी गोठ्यातच वाकून नमस्कार केला — गाईला की तिला पाठवणाऱ्याला, ते मलाही सांगता येणार नाही.