अण्णांची हजेरी

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर एकच धंदा केला, मास्तरकीचा. शेवटची काही वर्षं त्याच धंद्याला सॉफ्टवेअर कंपनी म्हणत, एवढंच. ते कानडी मुलखातल्या, चामराजपेटच्या जुन्या मराठी घराण्यातले. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्तीनंतर सहा जुने विद्यार्थी गोळा करून घराच्या तळमजल्यावर कंपनी थाटली. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही.

कॉम्प्युटर हे यंत्र त्यांना मनातून कधी आवडलंच नसावं. प्रोग्रॅम आधी कागदावर पेन्सिलीनं लिहायचा, ओळीवर बोट ठेवून चालवून पाहायचा आणि मगच मशिनला हात लावायचा, हा त्यांचा दंडक. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मीही त्यातून सुटलो नाही. पुण्याहून आलेला, आयटीतला, त्यामुळे जरा तोऱ्यातच होतो. अण्णांनी कागद पुढे सरकवला. "चहा कसा करायचा, पायरीपायरीनं लिही." मी आलं-वेलचीसकट लिहिलं. त्यांनी ते वाचून चष्मा काढला. "बाकी सगळं सरी, ठीक आहे. पण गॅस बंद कुठं केलास? तुझा चहा अजून उकळतोय बघ." मुलगी मिळाली, पण काठावर पास होऊन.

कंपनीत रोज साडेनऊला हजेरी व्हायची. सहाही जण संसारी, एकाचं तर टक्कल पडलेलं, पण नाव पुकारलं की "हजर, सर" म्हणायचंच. पैसे गुंतवायला आलेले एक गृहस्थ दहा मिनिटं उशिरा पोचले, तर अण्णांनी त्यांना हजेरी संपेपर्यंत दारात उभं केलं. ते उभ्याउभ्याच परत गेले.

मग बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याचं काम हाताशी आलं. ते मिळालं तर कंपनी तरणार, नाहीतर बुडणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. प्रात्यक्षिकाला अण्णांना गाडीतून मीच नेलं. मालक खूष होऊन मान डोलावत होता, तेवढ्यात अण्णाच स्क्रीनकडे वाकले. "स्वल्प थांबा. हे चुकलं." ती चूक मालकाच्या सात पिढ्यांना सापडली नसती. "अण्णा, नंतर दुरुस्त करू ना," मी पुटपुटलो. "नापास तो नापास," असं मला सुनावून ते मालकाकडे वळले. "दोन महिन्यांनी परत परीक्षेला बसवतो." मालक कशाला थांबतोय? त्यानं दुसरीकडून तयार सॉफ्टवेअर घेतलं. खोटं कशाला सांगू, मला अण्णांचा भयंकर राग आला होता.

सहाही जणांना नोकऱ्या लावून दिल्यावरच अण्णांनी कंपनी बंद केली. "जो प्रोग्रॅम थांबायच्या जागी थांबत नाही, तो प्रोग्रॅम कसला?" असं म्हणून हसलेसुद्धा. आम्हाला वाटलं, सुटले बिचारे.

पुढच्या सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे होतो. साडेनऊ वाजले. अण्णांनी मस्टर उघडलं, चष्मा चढवला आणि रिकाम्या खोलीत पहिलं नाव पुकारलं. मी चपापलो. आतून पावटे सोलता सोलता सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हजर, सर." सहाही नावांना त्यांनीच ओ दिली. गॅस बंद कुठं केलात, अण्णा, असं विचारावंसं वाटलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, यादीच्या तळाशी पेन्सिलीनं सातवं नाव लिहिलं आणि तेही पुकारलं. माझं होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "हजर, सर."