हरकत असेल तर तोंडावर

आमच्या कळंबच्या फुटबॉल टीमनं जितक्या मॅचेस जिंकल्या, त्याच्या तिप्पट किस्से जमवले. कारण उघड आहे. जिंकल्यावर माणूस गुलाल खेळतो आणि घरी जातो; हरल्यावर बोलत बसतो. आम्ही पुष्कळ बोलत बसलोय.

उसाच्या आणि कुस्तीच्या मुलखात फुटबॉल कुठून आला, असं पाहुणे विचारतात. कारखान्याच्या कॉलनीत लांबलांबचे इंजिनीयर राहायचे, ते संध्याकाळी खेळायचे. आमचे थोरले कुंपणाबाहेरून बघायचे. एकदा बॉल कुंपणाबाहेर आला आणि आमच्या थोरल्यांनी तो परत दिलाच नाही. टीमची स्थापना ती!

मी सांगतोय ते किस्से मात्र खेळ सुटल्यानंतरचे, आणि सगळे नव्वदीनंतरच्या दहा वर्षांतले. तालमीमागं आमची एक खोली होती. तिथं भिंतीवर पत्र्याचा काळा फळा, आणि त्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं जुन्या खेळाडूंची नावं. दरवर्षी आमच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी बैठक बसायची आणि एक नाव ठरायचं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मॅचचा बॉल मैदानात मधोमध ठेवायचा तो त्या माणसानं. याच्या वरचा मान आमच्याकडे नव्हता.

पण नाव लागायचं कसं? दत्तूआबांनी नियम घालून दिला होता. आबा म्हणजे आमचे पहिले कॅप्टन, कारखान्यातले फिटर, अंगानं किरकोळ आणि आवाजानं नाही. ज्याचं नाव निघालं त्यानं मधे स्टुलावर बसायचं. सेक्रेटरीनं तीनदा विचारायचं, "कुणाची हरकत?" ज्याची असेल त्यानं उभं राहून त्या माणसाच्या तोंडावर सांगायची. एक जरी हरकत कायम राहिली तर नाव पडलं, त्या वर्षी फळा कोरा. आणि दोनदा पडलेलं नाव पुन्हा कधी घ्यायचं नाही.

"माघारी बोलायला आख्खं गाव हाय," आबा म्हणायचे. "हितं तोंडावर बोलायचं."

सेक्रेटरी मी. लासुर्ण्याच्या शाळेत मास्तर, म्हणून अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे. खेळलो स्टॉपर बॅक म्हणून, गोलकीपरच्या पुढ्यात, पण सगळे मला गुरुजीच म्हणायचे. किसन सोडून. तो सुऱ्या म्हणायचा.

*

पहिला किस्सा बाळूचा. बाळू शिंदे आमचा सेंटर फॉरवर्ड. टीमचे निम्मे गोल त्याचे, आणि उरलेल्या निम्म्यांवरही त्याचा दावा. त्याचं नाव निघालं तेव्हा तो नवा सफारी शिवून आला होता. स्टुलावर असा बसला, की फोटोग्राफर कुठं आहे असंच कुणालाही वाटावं.

मी पहिल्यांदा विचारलं. कुणी नाही. दुसऱ्यांदा विचारलं. कोपऱ्यातून आमचा हाफ, नामदेव, उठला. नामदेव तोंडातून शब्द काढायचा तर आठवड्यातून एकदा.

"बाळू, इतकी वर्सं मी तुला बॉल पुरवला. तू मला एकदा तरी पास दिलास का?"

बाळू खूप वेळ आठवत बसला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो. शेवटी त्याचा चेहरा उजळला.

"दिला की! लासुर्ण्याच्या मॅचला दिला व्हता."

नामदेव म्हणाला, "त्या मॅचला मी लासुर्ण्याकडनं खेळत व्हतो."

नाव पडलं. बाळू दोन महिने कुणाशी बोलला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसला, साध्या शर्टात, आणि बसायच्या आधी नामदेवला चहाचा कप स्वतःच्या हातानं नेऊन दिला. नाव लागलं.

*

वरकुट्याचा रावसाहेब आमचा लेफ्ट विंगर. पाय असे, की मागं धावणाऱ्याला धूळसुद्धा उशिरा दिसायची. घरची बागायत, टोमॅटो, ढोबळी मिरची. त्याच्या नावाला हरकत येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण एका सेमीफायनलला तो हाफटाइमला मैदान सोडून गेला होता. दहा जणांत खेळून आम्ही हरलो होतो.

बाळू उठला. आता फळ्यावर होता ना, आवाज चढला होता. "टीमला वाऱ्यावर सोडून गेलास. का गेलास ते सांग."

रावसाहेबनं मान खाली घातली. "कॅनॉलच्या पाण्याची पाळी व्हती."

तिथं बसलेल्यांपैकी मी आणि दोघंतिघं सोडले तर सगळे बागायतदार. पाळी चुकली तर पुढची कधी, हे तिथं कुणाला सांगायला लागत नव्हतं. पण हरकत ती हरकत. आबांनी बाळूकडं बघितलं.

"बाळू, तुझी पाळी असती तर?"

बाळू खाली बसत म्हणाला, "मी खेळायलाच आलो नसतो."

*

आता किसनचं सांगायला हवं, आणि सांगताना मला बरं वाटत नाही.

किसन आमचा गोलकीपर. गावाच्या अंगाला बौद्धवस्तीत घर, इंदापूर डेपोत एस.टी.चा कंडक्टर. लांब हात, कमी बोलणं. त्याच्यासारखा कीपर तालुक्यात झाला नाही, हे विरुद्ध टीमचे लोकही म्हणायचे. टीम जिंकली की किसन अख्ख्या गावाचा असायचा. हरली की लोकांना त्याची वस्ती आठवायची.

बारामतीला फायनल होती. शून्य-शून्य. शेवटची चार-पाच मिनिटं. त्यांच्या एकानं लांबून मारलेला बॉल आमच्या गोलच्या डाव्या खांबाच्या बाहेरून चालला होता, अगदी सावकाश. किसन झेप घ्यायला वाकला. मी त्याच्या शेजारीच होतो. मी ओरडलो, "सोड, भाईर चाललाय!" किसननं सोडला.

आदल्या आठवड्यात त्या मैदानावर कसली तरी सभा झाली होती. मंडपाच्या खांबाचा खड्डा नीट बुजवलेला नव्हता. बॉल त्या खड्ड्याच्या काठाला लागला, वळला आणि गोलात गेला. जोरात नव्हे. सावकाश गेला, सगळ्यांना नीट दिसेल असा.

मैदानात गलका एवढा होता की माझं ओरडणं किसनशिवाय कुणाच्या कानावर गेलं नाही. परत येताना ट्रकमध्ये कुणीतरी म्हणालं, "कीपर नुसता बघत हुबा ऱ्हायला." मी किसनच्या शेजारी बसलो होतो. आता तो सांगेल, मग सांगेल, असं करत कळंब आलं. तो बोलला नाही. मीही बोललो नाही. तो माझा भित्रेपणा, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी गावानं कारण शोधून काढलं. किसनची सासुरवाडी बारामतीची! सासऱ्याच्या गावापुढं जावई ढिला पडला. पुढं कितीतरी वर्षं इंदापूर-बारामती गाडीत लोक त्याला म्हणायचे, "कंडक्टर, बॉल सोडलात, आता माझं तिकीट बी सोडा." किसन पंच वाजवून तिकीट हातात द्यायचा.

*

किसनचं नाव पहिल्यांदा निघालं तेव्हा आबा स्वतः उठले. आबा कधी हरकत घेत नसत. खोलीत एकदम सगळे सरळ बसले.

"किसन, तुझ्या हातानं टीमला किती येळा वाचीवलं ते मला म्हाईत हाय. त्यो एक बॉल सोडलास. का सोडलास तेवढं सांग, मी खाली बसतो."

किसन स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. "गोलात मी व्हतो, आबा. चूक माझी."

"चूक कुणाची इचारली न्हाय. का सोडलास?"

"चूक माझी," किसन पुन्हा म्हणाला.

माझ्या हातात वही होती. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तिसऱ्यांदा विचारलं, आबा उभेच राहिले, आणि मी माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं, 'हरकत कायम'.

बाहेर पडल्यावर मी त्याला स्टँडच्या रस्त्यावर गाठलं. म्हटलं, "किसन, मी आत्ता जाऊन आबांना सांगतो."

तो थांबला. "सांगून बघ. मी न्हाय म्हणीन. कीपरनं बॉल स्वतःच्या डोळ्यानं बघायचा असतोय, सुऱ्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरनं सोडला म्हणून फळ्यावर जायचं असलं, तर फळा ऱ्हाऊ दे."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. लाज त्याच्यानंतर वाटली.

*

मग काही वर्षांनी माझंच नाव निघालं. मी नको म्हणालो. लोकांना तो विनय वाटला!

स्टुलावर बसलो. वही बाळूकडे. समोर सगळे ओळखीचे चेहरे, आणि दाराशी किसन, खाकी कपड्यातच, चामड्याची बॅग खांद्याला. मला वाटत होतं त्यानं उठावं, आणि वाटत होतं त्यानं उठू नये. पाठीवरून घाम खाली चालला होता.

"कुणाची हरकत?" बाळूनं विचारलं. कुणी नाही.

"कुणाची हरकत?" कुणी नाही.

"तिसऱ्यांदा इचारतोय, कुणाची हरकत?"

किसन उठला. सगळ्या माना दाराकडं वळल्या. आबाही टक लावून बघत होते.

"हरकत न्हाय," किसन म्हणाला. "पर मला चारची गाडी काढायचीय. जरा लवकर उरका."

सगळे खो खो हसले. मीच तेवढा हसलो नाही. नाव लागलं. बायको मुलांना घेऊन फळा बघायला येते म्हणाली, तर मी तिला रंग ओला आहे म्हणून महिनाभर थोपवलं.

*

त्याच्या पुढच्याच वर्षी किसनचं नाव दुसऱ्यांदा निघालं. आता पडलं की कायमचं पडलं. मानी माणूस, नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तो आला. आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आला आणि स्टुलावर बसला. नाव त्याला किती हवं होतं ते तेव्हा मला कळलं.

मी वही उघडली. "कुणाची हरकत?"

आबा उठले. आता त्यांना उठायला काठी लागत होती. "माझी. तीच. का सोडलास?"

"चूक माझी, आबा."

मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. तोंडातून ते आलंच नाही. मी वही मिटली आणि म्हणालो, "आबा, मी ओरडलो होतो. सोड म्हणून मी सांगितलं, म्हणून त्यानं सोडला. इतकी वर्षं मी गप्प बसलो."

बाळूचा चहाचा कप तोंडाजवळच राहिला. आबांनी माझ्याकडं बघितलं, मग किसनकडं.

"व्हय रं? खरं का हे?"

"खोटं हाय," किसन शांतपणे म्हणाला. "दोस्तीपायी बोलतोय त्यो. खरं असतं तर गेल्या वर्षी ह्येच्या नावाला मी हरकत घेतली नसती का? हितंच बसलो व्हतो. ह्येच्या तोंडावर बोललो असतो. नियमच हाय आपला."

दोघंतिघं माना हलवायला लागले. बरोबर आहे, किसन सोडणारा नव्हे, असं कुणीतरी पुटपुटलं. नामदेव माझ्याकडं असा बघत होता, की जणू मी वेडा झालोय.

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून तसेच उभे. किसन त्यांच्या नजरेला नजर देऊन बसला होता, आणि स्टुलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

"गुरुजी," आबा म्हणाले, "इचारा की. दोनदा ऱ्हायलंय."

मी विचारलं. आबा उभेच. मी तिसऱ्यांदा विचारलं.

आबा खाली बसले. "माझी हरकत न्हाय."

बाळूनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. किसननं मनगटानं डोळे पुसले. मी वहीत लिहायला घेतलं, तर आबांनी काठी जमिनीवर आपटली.

"पेंटरला सांगा, येताना बाटलीभर रॉकेल बी आण. एक नाव लिवायचंय, एक पुसायचंय."

टाळ्या थांबल्या. किसन ताडकन स्टुलावरून उठला. "आबा, ह्याला माझी हरकत..."

"तू बस खाली," आबा म्हणाले. "तुझी बोलायची येळ गेल्या वर्षी व्हती. तवा तुला चारची गाडी व्हती."