पुलाआडची दोरी

बातमी आली तेव्हा मी मासवणच्या पुलावर होते. मनोरहून पालघरकडे निघालेली रिक्षा सूर्या नदीच्या ऐन मध्यावर एका ट्रेलरमागे अडकून पडली होती. खाली उथळ झालेली, दगडांना वळसे घालत जाणारी हिरवट नदी होती, ओल्या शेवाळाचा गार वास वर येत होता, आणि फोनवर कुंदाकाकीचा मुलगा, माझा चुलतभाऊ दिनेश बोलत होता... "ताई, आई गेली गं. सकाळी उठलीच नाय." त्यानंतर तो काय म्हणाला ते मला आठवत नाही. आठवते ती कठड्यावर बसलेली एक खंड्याची जोडी, आणि एक वाक्य, जे कुंदाकाकीने मला याच पुलावर, माझ्या लहानपणी, टेम्पोच्या पुढच्या बाकावरून ऐकवले होते. "मधी थांबल्याबिगर पूल बघितला असं होत नाय." ट्रेलर हलेना. मला वाटले, तिनेच मला थांबवून धरले आहे.

माझी काकी पूल बघायला जात असे. लोक देवळे बघतात, किल्ले बघतात. काकीला पूल बघायचे असत. केळव्याच्या अलीकडे, खाडीकाठी आमच्या काकांची वाडी आहे. नारळ, सुपारी आणि नागवेल. पानांच्या करंड्या पोचवायला काका टेम्पो घेऊन निघाले की काकी पदर खोचून पुढे बसायची आणि सुट्टीत राहायला आलेली मी तिच्या मांडीशी. वाटेत पूल आला की ती काकांच्या दंडाला नुसते बोट लावायची. काका पुटपुटत गाडी कडेला घेत. मग आम्ही दोघी उतरायचो, मध्यापर्यंत चालत जायचो आणि कठड्याला पोट टेकून उभ्या राहायचो. मनोरचा हमरस्त्यावरचा पूल जड गाड्यांखाली थरथरायचा आणि ती थरथर तळपायांतून थेट दातांपर्यंत पोचायची. वाणगावजवळच्या ओहोळावर एक ठेंगणा पूल होता. त्याच्याखाली म्हशी बसलेल्या असत आणि दुपारी तिथे भिजल्या गवताचा, शेणाचा असा एक उबदार, झोपाळू वास भरून राही. वैतरणेचा लोखंडी पूल आम्ही काठावरूनच पाहिला, ओहोटीच्या वेळी. आगगाडी गेली, आवाज विरला, आणि त्यानंतर कितीतरी वेळ लोखंड आतल्या आत गुणगुणत राहिले. काकीने डोळे मिटून ते ऐकले. म्हणाली, "बघ, गेली तरी बोलतंय."

एका लग्नाच्या निमित्ताने तिला मुंबईचा समुद्रावरचा पूल दाखवायचा योग आला. पांढऱ्या दोरखंडांवर तोललेला तो डौलदार पूल पाहून वऱ्हाडातली आम्ही सगळी वाहवा करत होतो. काकी मात्र काचेला नाक लावून बराच वेळ वर पाहत राहिली आणि मग अगदी मनापासून म्हणाली, "एवढ्या दोऱ्या... नि एक लुगडं नाय वाळत." गाडीभर हशा पिकला. काका म्हणाले, "हिला न्यायची नि लाज काढून घ्यायची." पण मी हसता हसता थांबले. तिच्या घरची दोरी मला ठाऊक होती.

त्या दोरीविषयी सांगायला हवे. काकीचे माहेर खाडीच्या बरोबर पलीकडे. आमच्या वाडीच्या टोकाला, तिवरांच्या कडेला उभे राहिले की समोर त्यांची दोन माडांमधली कौले दिसत. होडीने गेले तर चहा निवायच्या आत माहेर. रस्त्याने गेले तर पालघरवरून वळसा घेत अर्धा दिवस. होडीवाल्याची मुले बोईसरला कंपनीत लागली आणि होडी चिखलात उपडी पडली ती कायमची. पलीकडे काकीची धाकटी बहीण राहायची, विमलमावशी. आईवडिलांना सांभाळायला म्हणून तिचे लग्न गावातच करून दिलेले. तिला ऐन तरुणपणी कानाने कमी येऊ लागले आणि पुढे जवळजवळ काहीच ऐकू येईनासे झाले. घरोघर फोन आले, पण त्या फोनचा या दोघी बहिणींना काडीचा उपयोग नव्हता. त्यांनी आपला मार्ग फार आधी काढलेला होता. दर दिवाळीला एकच लाल पातळ घ्यायचे आणि ते मधोमध फाडायचे. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. सकाळी उठल्यावर चूल पेटवण्याआधी ते आपापल्या काठावरच्या दोरीवर टाकायचे आणि दिवेलागणीला काढायचे. इकडे लाल दिसले की तिकडे कळायचे, बरी आहे. एवढाच निरोप, पण तो एकही दिवस चुकला नाही.

चुकला, एकदा चुकला. काकांना पानांची करंडी बांधायला फडके मिळेना, म्हणून त्यांनी दोरीवरचे ते लाल कापडच ओढले, करंडीला आवळले आणि टेम्पो घेऊन गेले. काकीला पत्ताच नाही. ती पडवीत वाल सोलत बसलेली, मी तिच्यासमोर. दुपारच्या सुमाराला दारात एक टेम्पो थांबला आणि त्यातून विमलमावशी, तिच्या जावा, आळीतल्या चार बायका, डोक्यावर पदर घेऊन, रडण्याच्या अगदी काठावर आलेल्या अशा उतरल्या. काकी घाबरून उठली.

"काय गं, कोण गेलं?"

शेवटी एक जाऊ चाचरत म्हणाली, "तू."

काकीने एकदा रिकाम्या दोरीकडे पाहिले, एकदा बहिणीकडे. विमलमावशी तिचे दंड, खांदे, गाल चाचपून बघत होती, भाजीवालीकडचा दुधी चाचपावा तशी. मग काकी म्हणाली, "आता आल्याच हाय तर जेवून जा. वालाचं बिरडं घालते." त्या दिवशी पडवीत एवढे हसणे झाले की शेजारच्या वाडीतली माणसे कुंपणाशी येऊन उभी राहिली. काका संध्याकाळी करंडी घेऊन परतले, तेव्हा विमलमावशीने ते कापड त्यांच्या हातून हिसकावले आणि तिच्या त्या मोठ्या, उंचसखल आवाजात सुनावले, "भावोजी, आमचा जीव करंडीला बांधू नका."

काका जाऊनही आता बरीच वर्षे झाली. त्यांच्यामागे काकीचे फिरणे थांबले, गुडघे कुरकुरू लागले, पण पुलांची ओढ कमी झाली नाही. मी बोईसरहून भेटायला गेले की विचारायची, "कुठला नवा पूल झाला गं?" आणि मग एके वर्षी, जे ती आयुष्यभर परक्या नद्यांवर शोधत फिरली ते तिच्याच दाराशी आले. आमच्या खाडीवर पूल मंजूर झाला. यंत्रे आली, चिखलात लोखंडी नळकांडी ठोकली जाऊ लागली, त्या ठोक्यांनी मांडणीतली भांडी किणकिणायची आणि काकी त्यांना हात लावून म्हणायची, "किणकिणू दे." रोज संध्याकाळी ती काठावर खुर्ची टाकून बसे. बोईसरच्या कारखान्यांत जसे दूरदूरचे कामगार असतात तसेच इथेही होते; त्यांना ती शहाळी पाठवायची. तेही तिला अम्मा म्हणू लागले. खांब वर येत गेले... आणि एका सकाळी मला काकीचा फोन आला. "मधला खांब भरला गं. विमलची दोरी दिसत नाय."

मी गेले तेव्हा ती गच्चीवर होती. गुडघे धरत, कठड्याला रेलत जिना चढलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत सरकत ती समोर शोधत होती. मधल्या जाड खांबाने आणि त्यावर रचलेल्या तुळयांनी दोन माडांमधली ती नेमकी जागा झाकून टाकली होती. "पूल मागितला होता," ती म्हणाली, "भिंत नाय." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, एक प्रकारचे गोंधळलेपण होते. वरातीत हात सुटलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर असावे तसे. तरीही दुसऱ्या दिवशी तिने कापड टाकलेच. तिकडे विमलमावशीही टाकत होती, असे तिच्या सुनेने कळवले. दोघी एकमेकींना न दिसणारे निरोप देत राहिल्या.

त्यानंतरची एक संध्याकाळ मी जन्मभर जपणार आहे. पूल दोन्ही काठांवरून वाढत आला होता आणि मध्ये थोडेच अंतर उरले होते. रविवार होता, काम बंद. दिनेशने तिथल्या मुकादमाला विनवले आणि तिकडून मावशीच्या सुनेनेही. मुकादम काकीला म्हणाला, "अम्मा, रस्सी तक जाना, आगे नहीं." माझ्या खांद्यावर हात ठेवून काकी चालू लागली. ओल्या सिमेंटचा, गंजाचा आणि ओहोटीच्या चिखलाचा वास एकमेकांत मिसळला होता. समोरून विमलमावशी सुनेच्या आधाराने येत होती. आपापल्या टोकाला बांधलेल्या दोरखंडापाशी दोघी थांबल्या. मध्ये उघडे आकाश, खाली ओसरते पाणी. काकीने हाक मारली, "विमल... जेवलीस काय?" वाऱ्याने शब्द उचलून खाडीत टाकले. मावशीने मान हलवली, ऐकू येत नाही. मग काकीने कमरेला खोचलेले लाल कापड काढले आणि वर धरले. पलीकडे मावशीनेही पिशवीतून तिचे काढले. दोघी तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही हात उंचावून, आणि वारा त्या दोन तुकड्यांना एकाच दिशेला उडवीत राहिला. परत येताना काकी एवढेच म्हणाली, "जोडला की मी चालत जाणार. रिक्षा नको, टेम्पो नको. माहेरी चालत."

पूल जोडण्यापूर्वीच ती गेली. मावशी आली ती पालघरवरूनच, वळसा घेऊन, आणि तिने या वेळी दंड, खांदे, गाल काहीच चाचपले नाही. नुसती पायांशी बसून राहिली.

आता पूल जोडला गेला आहे. गाड्या अजून सोडलेल्या नाहीत, पण सकाळी माणसे चालत जातात. परवा मी वाडीत मुक्कामाला होते. उजाडताच निघाले. काकीची वाट तिच्याऐवजी चालावी, एवढेच मनात होते. सवयीने मध्यावर थांबले आणि कठड्याला टेकून वळले, तेव्हा ध्यानात आले... इथून दोन्ही दोऱ्या दिसतात. जो पूल दोन्ही काठांच्या आड येतो, त्याच्या मध्यावर मात्र काहीही आड येत नाही. पलीकडे दोन माडांमध्ये लाल कापड हलत होते. अलीकडे आमची दोरी रिकामी होती.

काठीचा आवाज आला. विमलमावशी एकटीच चालत येत होती. रोज येते, असे नंतर तिच्या सुनेने सांगितले. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, दम खात. तिने आधी स्वतःची दोरी पाहिली, मग डोळ्यांवर आडवा हात धरून आमची. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे न वळता, त्याच मोठ्या, उंचसखल आवाजात म्हणाली,

"भावोजींनी परत करंडीला बांधलं असंल."

मी तिच्याकडे पाहिले. तिला सारे ठाऊक होते. मी परत फिरले. काकीच्या खोलीत, उशाखाली, तिने शेवटच्या दिवेलागणीला घडी करून ठेवलेले ते अर्धे पातळ तसेच होते, खारट वाऱ्याचा आणि नागवेलीच्या पानांचा वास धरून. वाडीच्या टोकाला गेले आणि ते दोरीवर टाकले. तिथून मला पलीकडचे काहीच दिसत नव्हते, समोर नुसता करडा खांब. पण पुलाच्या मधोमध, कठड्याशी, एक लहानशी आकृती अजून उभी होती. तिने काठी उचलली, एकदा हलवली, आणि ती माहेरच्या बाजूला चालू लागली.