दादाचा अल्सर

माझा थोरला भाऊ कोणत्याही वस्तूविषयी मत देण्याआधी ती अंगठ्यानं दाबून बघत असे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यानं तीस वर्षं तपासनिसाची नोकरी केली. वहिनी गेल्यावर तो आमच्याकडे कोथरूडला राहायला आला, पण तपासणी थांबली नाही. वांगी, उशा, पाहुण्यांनी आणलेले पेढे, सगळं अंगठ्याखालून जाई आणि मग निकाल लागे, 'पास' किंवा 'रिजेक्ट'. माझा मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि पहिल्या पगारातून पिझ्झा घेऊन आला, तेव्हा दादानं तोही दाबला. "थालीपीठच आहे," तो म्हणाला, "पण करणाराला घाई होती."

बाकी त्याला कसली हौस नव्हती. नाटक नाही, तीर्थयात्रा नाही. जेवण मात्र तो मनापासून करी. ताटात काकडीची कोशिंबीर दिसली नाही तर माझ्या बायकोला विचारी, "सुमती, डावी बाजू संपावर आहे का?"

एका होळीच्या सुमारास त्याच्या पोटात अन्न टिकेनासं झालं. तपासण्या झाल्या. सर्जननी मला एकट्याला आत बोलावलं. जठराचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत पोचलेला. काढून टाकण्यासारखा राहिला नव्हता. गाठीमुळे जठराचं पुढचं तोंड बंद होत आलं होतं. ते म्हणाले, "आजार बरा होणार नाही. पण जठराला आतडं दुसऱ्या जागी जोडून अन्नाला वाट करून देता येईल. त्यांना जेवता येईल. त्यांना विचारून सांगा."

मी विचारलं नाही. दोन दिवसांनी जाऊन सांगितलं, त्याची इच्छा नाही. बरा होणारच नसेल तर चिरफाड कशाला, असं मला वाटत होतं. आणि ऑपरेशनचं विचारायचं म्हणजे कॅन्सरचं सांगावं लागणार होतं. त्या काळी घरोघरी हे लपवत, आणि लपवणाऱ्याला लोक शहाणा म्हणत.

मग आमच्या घरात अल्सर सुरू झाला. भेटायला येणाऱ्याला मी जिन्यातच गाठून पढवत असे. तळमजल्यावरच्या काकूंचं पाठांतर इतकं पक्कं झालं की त्या दारातूनच म्हणाल्या, "अल्सर ना? वा, छान." रिपोर्टातली ती ओळ मी बॉलपेननं काळी केली. दादानं कागद खिडकीतल्या उजेडात धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हल्ली प्रयोगशाळेत शाई फार वापरतात." मला वाटलं, निभावलं.

सव्वादोन महिने त्यानं भाताची पेज खाल्ली. दोन चमचे आत जात आणि तासाभरानं पलंगाखालच्या बादलीत येत. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागलं. मी म्हणे, जुना अल्सर आहे, वेळ घेणार. तो मान हलवी.

एका सकाळी तो घरात नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच रिक्षानं सर्जनकडे गेला होता. त्यांचा फोन आला म्हणून मी धावत पोचलो. दादाच्या हातात रिपोर्टाची दुसरी नक्कल होती, ओळ न खोडलेली. मी ओळ काळी केल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यानं ती प्रयोगशाळेतून काढून आणली होती. सर्जन गोंधळून त्याला विचारत होते, "पण तुम्हीच ऑपरेशनला नको म्हणालात ना?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात सदोष माल तो असाच बघत असावा. मग सर्जनना म्हणाला, "किती दिवस उरलेत ते राहू द्या. त्यातले किती दिवस जेवता येईल, तेवढं सांगा."

त्यांनी धोके समजावले. बहुधा काही महिने, म्हणाले. दादा म्हणाला, "पास."

परतताना रिक्षात मी विचारलं, तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस? "तू इतक्या मेहनतीनं खोटं बोलत होतास," तो म्हणाला. "मला वाटलं, काही इलाजच नसेल म्हणून गप्प आहेस. आज राहवेना, म्हणून विचारायला गेलो."

ऑपरेशन झालं. आठवड्याभरानं त्यानं मऊ वरणभात खाल्ला आणि तो पोटात राहिला. पुढचे पाच महिने तो जेवला. थोडं थोडं, पण रोज. वजन काही परत आलं नाही. तरी नारायण पेठेतल्या एका मुंजीत जाऊन मसालेभात नापास करून आला, आणि दुसऱ्यांदा वाढून का घेतलास विचारलं तर म्हणाला, खात्री करायला नको का.

मार्गशीर्षात तो गेला. दहाव्याला नातेवाईक माझा हात धरून म्हणाले, "शेवटपर्यंत त्यांना कळू दिलं नाहीत, धन्य आहे तुमची." मी हात जोडले. वीसेक वर्षं मी ती शाबासकी घेत आलो आहे. ती खोटी आहे. त्याला सगळं कळलं होतं. ऑपरेशन त्यानं स्वतः मिळवलं. माझ्या नावावर फक्त ते सव्वादोन महिने.

श्रावणात एकदा धीर करून मी त्याला म्हणालो होतो, "दादा, माझं चुकलं." तो म्हणाला, "असू दे, बाळ." मला वाटलं, सुटलो. तो गेल्यावर सुमतीनं सांगितलं. त्या उन्हाळ्यात त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून आमरस खात होतो. दादा तिला म्हणाला होता, "दार लावत जाऊ नका गं. निदान वास तरी येऊ दे."