चिमटेबाईचं हिऱ्याचं टोक

प्रयोगशाळेत सगळे तिला चिमटेबाई म्हणत, कारण बावीस वर्षं तिच्या हातचा चिमटा काही सुटला नव्हता. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही असं सुईचं टोक चिमट्याने सूक्ष्मदर्शकात बसवायचं; ते नमुन्यावरून फिरतं, खाचखळगे चाचपतं आणि पडद्यावर चित्र उमटतं. घरी थोरली बहीण चिडवायची, "जन्म घालवलास गं त्यात, पण तुझं काम कधी कुणाला दिसलंय का?"

साधी टोकं टणक नमुन्यावर चार फेऱ्यांत बोथट व्हायची. म्हणून बाईने हट्टाने त्यांच्यावर हिऱ्याचा मुलामा चढवायला घेतला. पहिली खेप फुटकी निघाली. आज दुसरी, शंभर फेऱ्यांच्या परीक्षेला. हीही वाया गेली तर मुलाम्याची भट्टी बंद आणि बाईची रवानगी भांडारात, असं साहेबांनी सांगूनच टाकलं होतं.

टोक फिरू लागलं. चित्र आलं आणि साहेबांनी कपाळाला हात लावला. प्रत्येक ओरखडा जोडीने!

"टोक दुभंगलंय, बाई. एकाचे दोन दिसतायत. संपलं."

बाई पडद्याशी वाकली. पण कडा कशा लख्ख होत्या! फुटकं टोक असं चित्र काढेल?

"छे! नमुना आडवा करून बघू. टोक आहे तसंच राहील, म्हणजे दोष त्याच्यात असेल तर जोडी मोडेल."

नमुना फिरवला. ओरखडे आडवे आले आणि जोडीनेच आले, तेवढ्याच अंतरावर!

"अहो, म्हणजे ते खरेच तिथे आहेत!" साहेब ओरडले.

बाईने नमुन्याची डबी पाहिली आणि जीभ चावली. तिच्याच अक्षरात मागच्या महिन्याची तारीख. पहिल्या खेपेच्या दुभंगलेल्या टोकाने ओढलेले ओरखडे होते ते! सकाळच्या गडबडीत तिने जुनीच डबी उचलली होती.

"घ्या! माझाच प्रताप!" म्हणत ती हसत सुटली.

ठरल्याप्रमाणे शंभर फेऱ्या झाल्या. पहिलं चित्र आणि शंभरावं शेजारी ठेवलं, तर काडीचा फरक नाही.

"भट्टी चालू राहणार," साहेब म्हणाले, आणि पन्नाशीच्या बाईने चक्क उडी मारली. लगेच बहिणीला फोन.

"ताई, असशील तशी इकडे ये!"

"अगं, भाजी गॅसवर आहे."

"गॅस बंद कर! माझं काम बघायला ये. आज दिसतंय."