उरलेला भात कुठल्या ॲपमध्ये लिहायचा?

मैत्रिणींनो, शुगर वाढली म्हणून नौपाड्याच्या डॉक्टरांनी भात-पोळी कमी करून रोजचं खाणं ॲपवर लिहायला सांगितलंय. आज रविवार, म्हणून तीन ॲप डाऊनलोड करून बघितली.

एकात अळूचं फदफदं सापडेना. दुसरं भाकरीला ब्रेड समजतं. तिसरं बरं निघालं. त्यात अर्धी भाकरी, भाजी, काकडी लिहिली. कार्ब्स अगदी बेतात! खूश झाले.

तेवढ्यात नवरा ताटावरून उठला. "अगं, एवढा भात उरलाय. टाकू नको, संपवून टाक." लेकीची अर्धी पोळीही होतीच. ओट्यापाशी उभ्याने सगळं गिळलं, नेहमीसारखं.

हात धुऊन आला आणि माझ्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणतो, "एवढंसं तर खातेस, मग शुगर वाढते कशी गं तुझी?"

तुमच्याकडे उरलेलं कोण संपवतं?